हाक ऐकू येत होती

आबरमाइनच्या किल्ल्याखाली, समुद्राच्या बाजूला, आमचं कुरण आहे. वडिलांच्या वेळी तिथे मेंढ्या चरायच्या, आता उन्हाळ्यात तंबू लागतात. माझा भाऊ टुडर गवत कापतो, नळ दुरुस्त करतो आणि पाहुण्यांशी भांडतो. मी बाकीचं सगळं बघते. पाहुणे येतात, आठवडाभर पावसाला नावं ठेवतात आणि पुढच्या वर्षीची जागा सांगून जातात.

एल्विन आणि हेल्वेन ही त्यातली सगळ्यात जुनी जोडी. दक्षिणेकडून, खाणींच्या मुलखातून यायची. त्यांची मुलगी रांगत होती तेव्हापासून त्यांची जागा ठरलेली, कुंपणालगतची, वाऱ्याच्या आडोशाची. मुलगी मोठी झाली, कॅनडाला गेली, तरी हे दोघं येतच राहिले. एल्विन गाडी शिकवायचा. त्यांच्या गावातली निम्मी माणसं त्याच्याकडून गाडी शिकली, पण हेल्वेनला त्याने कधी शिकवलं नाही. ‘तुला कशाला हवीय, मी आहे ना,’ असं तो म्हणायचा, आणि ते तो प्रेमानेच म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. सकाळी उठून तिला चहा करून द्यायचा, तिचे बूट तंबूच्या आत ओढून ठेवायचा, तिच्या वतीने बोलायचा. मी तिला काही विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एल्विनकडून यायचं.

त्यांच्या आठवड्याचा क्रमही कधी बदलला नाही. पहिल्या दिवशी तंबू. दुसऱ्या दिवशी किल्ला. मग वाळूवरचं फिरणं, बंदरावरचे चिप्स, एक दिवस पावसाचा. किल्ल्यात गेलं की एल्विन, गुडघा दुखत असल्यामुळे, खालच्या चौकात बाकावर थर्मास घेऊन बसायचा आणि हेल्वेन एकटी मोठ्या बुरुजावर चढायची.

त्या वर्षी हेल्वेनला साठ वर्षं पूर्ण होत होती. ते पोचले त्याच संध्याकाळी एल्विनने शेजारच्या तंबूंतली माणसं बोलावली, मी बारा ब्रीथ, आमच्याकडचा मनुक्यांचा केक, भाजून नेला होता, आणि सगळ्यांसमोर त्याने तिच्या हातात एक चावी ठेवली. चावीला लाल फीत बांधली होती. कुरणाच्या वरच्या टोकाला ज्या कायमच्या कॅराव्हॅन उभ्या असतात, त्यातली एक त्याने विकत घेतली होती. तो आता निवृत्त होणार होता. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत दोघांनी इथेच राहायचं, घर पोरीच्या मैत्रिणीला भाड्याने द्यायचं, असं सगळं त्याने ठरवून टाकलं होतं. व्यवहार माझ्याशीच झाला होता आणि तोंड बंद ठेवायला त्याने मला बजावलं होतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेल्वेन हसली, त्याचा मुका घेतला आणि म्हणाली, ‘अरे देवा, एल्विन.’ मग ती चावी हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. कुणीतरी तिला केक दिला तेव्हा तिला चावी कुठे ठेवावी ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते किल्ल्यात गेले. भुरभुर पाऊस होता, माणसं कमी होती. पुढे बुरुजात काय झालं ते हेल्वेनने मला नंतर सांगितलं, तेव्हा तिच्याच सांगण्यावरून सांगते.

ती वरपर्यंत गेली नाही. अर्ध्यावर, भिंतीच्या आत पहारेकऱ्यांची एक छोटी खोली आहे. दगडी बैठक आणि समोर एक उभी जंगी, पूर्वी बाण सोडायला ठेवलेली अरुंद फट. तिथे ती बसली. जंगीतून आमचं कुरण दिसतं. तिचा हिरवा तंबू दिसत होता आणि वरच्या टोकाला ती नवी कॅराव्हॅन, पांढरी, खोक्यासारखी. ती त्या खोक्याकडे बघत बसली. पाऊस येणार, आत दोघंच, तो चहा करणार, बाहेर बघून म्हणणार की उघडेल आता. मार्च, एप्रिल, मे. तिने महिने मनात म्हणून पाहिले, पण ऑक्टोबरपर्यंत ती पोचलीच नाही.

तेवढ्यात खालून मेर्विनची हाक आली. मेर्विन म्हणजे किल्ल्याचा रखवालदार, आमच्याच गल्लीतला. बंद करायची वेळ झाली की तो प्रत्येक बुरुजाच्या जिन्यात उभा राहून आधी वेल्शमध्ये आणि मग इंग्रजीत ओरडतो. त्याचेही गुडघे गेलेले, वर चढत नाही. हेल्वेनने हाक ऐकली. उठू आता, असं तिच्या मनात आलं, पण ती उठली नाही. मग खाली दार लागलं आणि अडसर पडल्याचा आवाज झाला.

मग चौकातून एल्विनची हाक आली. ‘हेल्वेन! चल, कारियाद, बंद करतायत.’ कारियाद म्हणजे लाडके. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, असं ती सांगते. आवाज घशापर्यंत आला होता. आणि तिने तोंड मिटून घेतलं.

खाली मेर्विन एल्विनला सांगत होता की बुरुजात कुणी नाही, मी आत्ताच पुकारा केलाय, तुमच्या बाई चोरदरवाजाने पुढे गेल्या असतील. समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या तिकडूनच निघतात, आणि तिकडून आमचं कुरण जवळ पडतं. एल्विनला ते पटलं. तो खाली आला.

हेल्वेन म्हणाली की पहिला काही वेळ तिला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ती कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारणार नव्हतं की थंडी वाजते का, भूक लागली का, काय विचार करतेयस. तिने बूट काढले, पाय बैठकीवर घेतले. पाऊस थांबला होता, ऊन आलं होतं, वाळू चकाकत होती.

एल्विन माझ्याकडे आला तेव्हा मी न्हाणीघरं धूत होते. हेल्वेनला पाहिलंस का, म्हणाला. मी नाही म्हटलं. तिचा फोन त्याच्याच खिशात होता. तंबूत ती नव्हती, कॅराव्हॅनला कुलूप होतं. तो पुन्हा वर गेला आणि किल्ल्याबाहेरच्या रस्त्यावर, बरोबर त्या बुरुजाखाली उभा राहून तिला हाका मारू लागला. हेल्वेनला वरून त्याची टोपी दिसत होती. गळ्यातला रुमाल जंगीतून सोडला असता तरी त्याच्या पायाशी पडला असता. पण आता उत्तर दिलं तर आधी का दिलं नाही हे सांगावं लागणार होतं. ती गप्प राहिली, आणि तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आता पुढच्या वेळी गप्प राहणं याहून सोपं आणि बोलणं याहून अवघड होणार.

आमच्याकडे भरती येते ती मागून येते. खाडीची वाळू मधे उंच आहे, पाणी कडेच्या ओढ्यांतून आधी भरतं, आणि वाळूवर चालणाऱ्याला कळतही नाही. त्यामुळे माणूस सापडत नाही म्हटल्यावर टुडर वेळ घालवत नाही. त्याने जीवरक्षक नौकेवाल्यांना फोन केला, तंबूंतली माणसं गोळा केली आणि सगळ्यांना वाळूच्या टेकड्यांमध्ये ओळीने उभं करून चालायला लावलं. मला त्याने गावात पिटाळलं, बसथांब्यावर आणि दुकानांतून विचारून ये म्हणून.

हे सगळं हेल्वेन वरून बघत होती. आधी तिला वाटलं कुणी दुसरंच हरवलंय. मग वाऱ्यावर तिचंच नाव ऐकू आलं, परक्या माणसांच्या तोंडून, ज्यांना ते नीट उच्चारताही येत नव्हतं. शेजारच्या तंबूतली गरोदर बाई, पोट धरून, वाळूतून चालत होती. हेल्वेनने बूट पुन्हा घातले. जिना उतरून दाराशी आली. दार ढकललं, मुठी आपटल्या, पण तो जिना किल्ल्याच्या आतल्या बाजूला उघडतो आणि आत कुणी नव्हतं. पुन्हा वर आली. ‘मला हवी होती तशी खोली मिळाली होती,’ ती मला म्हणाली, ‘आणि आता त्यातून निघता येत नव्हतं. दाराचं जाऊ दे. दार उघडं असतं तरी मी कुठल्या तोंडाने बाहेर येणार होते?’

मग तिला एल्विन दिसला. तो ओळ सोडून एकटाच पुढे, पाण्याच्या काठाशी गेला होता. खाडीत एक काळं डोकं वरखाली होत होतं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की तो सील आहे. पण एल्विन डोंगरातला, त्यात चष्मा खाऱ्या वाऱ्याने धुरकटलेला. तो तसाच पाण्यात शिरला, बुटांसकट, कोटासकट. त्याला पोहता येत नाही.

तेव्हा ती ओरडली.

मी बसथांब्यावरून परत येत होते, किल्ल्याच्या रस्त्यावर. वरून आवाज आला, तो माणसाचा आहे हे कळायलाच मला क्षणभर लागलं. ती माझं नाव घेत नव्हती, वाचवा म्हणत नव्हती. ‘तो पाण्यात आहे, पाण्यात आहे,’ एवढंच. मी वर पाहिलं. जंगीतून एक हात बाहेर आला होता. मी आधी टुडरला फोन केला. फोन काठावरच्या कुणीतरी उचलला, टुडर तोवर एल्विनपर्यंत पोचला होता. छातीएवढ्या पाण्यातून त्याने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. मग मी मेर्विनच्या घराकडे पळाले.

दार उघडलं तेव्हा हेल्वेन सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. तिने फक्त विचारलं, ‘काढला का त्याला?’ मी हो म्हटलं. मेर्विन भिंतीला टेकून उभा, चेहरा पिठासारखा. तो सारखा माफी मागत होता. मी ओरडलो होतो हो बाई, पण वर जाऊन बघायला हवं होतं मी.

हेल्वेन त्याच्याकडे बघत होती.

आम्ही माझ्या स्वयंपाकघरात आलो. एल्विन शेगडीजवळ, टुडरची विजार घालून, अंगाभोवती घोंगडं गुंडाळून बसला होता. तिला बघून तो उठला, तिला धरलं आणि रडला. मग रडणं ओसरलं तसा त्याला राग आला, आणि तो सगळा मेर्विनवर गेला. माझी बायको दोन-तीन तास त्या अंधाऱ्या बिळात, तू काय झोपा काढत होतास का, मी वरपर्यंत तक्रार करणार, तुझी नोकरी राहते का बघतोच. मेर्विनने टोपी हातात धरली होती. निवृत्तीला त्याचं थोडंच राहिलं होतं.

‘एल्विन,’ हेल्वेन म्हणाली, ‘मेर्विनने हाक मारली होती.’

‘मारली असेल, पण तुला ऐकू नको का यायला? एवढ्या जाड भिंती.’

‘ऐकू आली. त्याची आली आणि तुझीही आली. दोन्ही वेळा.’

टुडरने चहाची किटली शेगडीवरून उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

‘मग?’ एल्विनने विचारलं.

‘मग काही नाही. मी गप्प बसले.’

‘का?’

‘चावीमुळे.’

‘कुठली चावी?’ त्याला खरंच कळलं नव्हतं. मग कळलं. ‘कॅराव्हॅनची? अगं, तू हसलीस. सगळ्यांसमोर माझा मुका घेतलास.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांसमोर.’

एल्विन खाली बसला. म्हणाला की तुला नको होती तर सांगायचं होतंस. ती म्हणाली, ‘मला तंबूही कधी आवडला नाही. इतकी वर्षं मी ते सांगतेय असं मला वाटत होतं. आज वर बसल्यावर कळलं, मी तोंडाने कधी बोललेच नव्हते.’ आणि मग ती मेर्विनकडे वळून म्हणाली की तुम्ही घरी जा, तुमचं जेवण थंड होत असेल.

मेर्विन गेला. तक्रार अर्थातच झाली नाही. नौकेवाल्यांची आणि तंबूंतल्या माणसांची माफी हेल्वेनने स्वतः, एकेकाकडे जाऊन मागितली. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या गरोदर बाईने तिच्या तोंडावर दार, म्हणजे तंबूची चेन, ओढून घेतली. हेल्वेनला ते बरोबरच वाटलं.

कॅराव्हॅन मी परत घ्यायला तयार होते, पण एल्विन नको म्हणाला. घर मात्र भाड्याने दिलं नाही. पुढच्या मार्चमध्ये तो एकटाच आला. हेल्वेन ईस्टरला आली, बसने, दोनदा बदलून. तिला घ्यायला मी थांब्यावर गेले. एकटीला घर खायला उठतं, असं तिने न विचारताच सांगितलं. झोप लागत नाही, रेडिओ चालू ठेवते. मी विचारलं, मग इकडेच का राहत नाहीस? तर ती म्हणाली, ‘तिथे निदान मी कुठे आहे हे मला माहीत असतं.’ चार-पाच दिवस राहिली. दोघं वाळूवर फिरायला जायची, चिप्स खायची, फार बोलायची नाहीत. ती कधी परत जाणार हे एल्विन आता विचारायचा. आधी हे विचारायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. विचारताना तो तिच्याकडे बघायचा नाही. किल्ल्यात मात्र ती पुन्हा गेली नाही.

ती गेल्यावर एका सकाळी एल्विन नळावर पाणी भरत होता. मी बाजूला कुंपण छाटत होते.

‘मेना,’ तो म्हणाला, ‘तू इथलीच. मला एक सांग. त्या बुरुजात, त्या खोलीत, खालची हाक खरंच ऐकू येते का? का ती आपली मेर्विनला वाचवायला तसं म्हणाली?’

लहानपणी आम्ही त्या खोलीत लपायचो. आई बाजारातून कुणाशी काय बोलत चालली आहे तेसुद्धा तिथे ऐकू यायचं.

‘येते,’ मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बादली भरून वाहू लागली होती. त्याने नळ बंद केला आणि बादली उचलून चढ चढू लागला.