आप्पा येतात कसे?

वारज्यातल्या त्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग पडला होता. खांद्याला झोळी अडकवलेल्या रंगनाथबुवांनी उंबरठा ओलांडला आणि दिवाणखान्यातला दिवा लागला, पंखा फिरू लागला, पाठोपाठ नाट्यगीत सुरू झालं. दोन महिन्यांपूर्वी वारलेले आप्पा हयात असताना घरी आले की नेमकं हेच व्हायचं. शेजारणींनी हात जोडले.

"मी आलो की ते येतात, मी गेलो की जातात," बुवा डोळे मिटून म्हणाले. "मथुरावहिनी, ते म्हणताहेत, मोतीबिंदूला सुरी लावू नका. आमचा अंगारा लावा."

आप्पांच्या पत्नी मथुराबाईंनी मान डोलावली. शुक्रवारचं ऑपरेशन त्यांनी मनातल्या मनात रद्दच केलं. एका डोळ्याने त्यांना आता जेमतेम उजेड कळत होता.

मुलगा श्रीनिवास खराडीत मिडलवेअर लिहायचा; म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून मध्ये बसवलेला दुभाष्या. या घरातला दुभाष्याही त्याचाच. त्यावर त्याने परिषदेत भाषण ठोकलं होतं. असा हा पंडित मागच्या खेपेला बुवांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला होता.

"बुवा, आप्पा तुमच्याबरोबर येतात की झोळीबरोबर?" सून पूर्वाने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने झोळी उचलली आणि ती लिफ्टने खाली गेली. बुवा आपले पाटावरच. थोड्या वेळाने गाणं थांबलं, पंखा थांबला, दिवा मालवला. पूर्वा परतली आणि नाट्यगीत पुन्हा सुरू झालं.

"आमचं तेज झोळीतही उतरतं," बुवा पुटपुटले.

पूर्वाने झोळीतून तेज बाहेर काढलं. तो आप्पांचा मोबाइल होता. तेराव्याला शय्यादानात गादी, छत्री, वहाणांबरोबर मथुराबाईंनीच तो बुवांना दिला होता.

श्रीनिवासच्या डोक्यात सगळ्यांच्या शेवटी उजेड पडला. मोबाइलने घरातलं वायफाय पकडलं, की त्याचा दुभाष्या बाकीच्या उपकरणांना कळवायचा, "आप्पा आले."

"त्यातून त्यांचं नाव काढून टाकायला हात धजावला नाही गं आई," तो म्हणाला.

मथुराबाईंनी मोबाइल हातात घेतला. "घराबाहेर पडताना यांनी जन्मात कधी दिवा मालवला नाही, म्हणून तर तू हे बसवलंस. तेव्हा दिवा मालवून जाणारे आप्पा कुठले? मलाच कळायला हवं होतं. शुक्रवारी रिक्षा सांग."

माणूस गेला हे यंत्राला सांगावं लागतं. आपल्याला तरी ते न सांगता कळावं. हात खुशाल जोडा, पण आधी झोळीत घालून बघा.