चाळीस मागांमधली बोली

यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस हळू बोलायला कधी शिकतच नाही. आण्णाप्पांनी घरात नुसता चहा मागितला तरी शेजारी दचकायचे. नातीला हाक मारायचे तर अख्ख्या खासबाग वस्तीला कळायचं की पूर्णिमाला घरी बोलावलंय. घशाच्या कर्करोगानं तो आवाजच नेला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

पहिले पंधरा दिवस पूर्णिमाच्या आज्जांनी हातवारे करून पाहिले. घरच्यांनी पाणी आणलं, पंखा लावला, पंखा बंद केला, एकदा तर थेट भटजींना फोन लावला. त्या दिवशी आज्जांनी दोन्ही हात काखेत घातले ते तीन महिने बाहेर काढलेच नाहीत. पूर्णिमानं लिहायला पाटी आणून दिली, ती पालथी ठेवली. जखम भरत आली, पण जेवण दोन घासांवर आलं.

"माझं काम संपलं," डॉक्टर म्हणाले. "आता त्यांना माणसांत आणा, नाहीतर फार दिवस काढणार नाहीत."

पूर्णिमानं धसकाच घेतला. ज्या माणसानं तिला खांद्यावर वाढवलं तो समोर बसून रोज थोडा थोडा कमी होत होता, आणि तिला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

त्या सकाळी तपासणीहून येताना पुढचा रस्ता खणलेला निघाला. रिक्षावाल्यानं दोघांना वाटेतच उतरवलं, ते नेमकं जुन्या शेडसमोर. शेड कसली म्हणा आता! चाळीस यंत्रमाग खडखडत होते तिथं तीन मजली काचेचं कापडदुकान उभं होतं. ज्या जागेवर आज्जांनी तीस वर्षं साड्या विणल्या तिथं सरकता जिना होता, आणि खासबागेच्या बायका त्यावर उभ्या राहून सुरतेच्या साड्या आणायला वर चालल्या होत्या. आसपासची सूताची दुकानं जाऊन मोबाइलची आली होती. आज्जा सगळ्याकडं परगावच्या पाहुण्यासारखे बघत राहिले.

रस्त्याच्या पलीकडं, दुकानाच्या दाराशी, निळ्या गणवेशातला म्हातारा वॉचमन त्यांच्याकडं टक लावून बघत होता. त्यानं हात वर केला, दोन बोटं मनगटावर आपटली, मग तळवा आडवा फिरवला. बाजूला व्हा म्हणत असेल, असं वाटून पूर्णिमानं आज्जांचा दंड धरला.

तो दंड तिच्या हातातून सुटला. आज्जांचे हात काखेतून निघाले होते, आणि असे भराभर चालत होते की तिला बोटं धड दिसेनात. मधून ट्रक गेला, बस गेली, हॉर्न कोकलत होते. त्या दोघांचं काही अडत नव्हतं.

"शामू मी," तिनं आज्जांना पलीकडं नेल्यावर वॉचमन म्हणाला. "ह्यो चौथ्या मागावर, मी सतराव्या. त्या दणक्यात कोण कुणाचं ऐकणार गं? सारं हातानंच. लग्नं ठरली, भांडणं झाली, संपसुदिक हातानंच केला आम्ही."

"आज्जा काय म्हणतायत?"

"बाकीची कुठं हाईत, इचारतोय." शामूनं वळून रस्त्याच्या टोकाकडं दोनदा हात हलवला.

पूर्णिमा बघतच राहिली. रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्याजवळ भाजी विकणाऱ्या अक्काताईनं मेथीची जुडी टाकून हात वर केला. ती शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. स्टँडवरच्या एका रिक्षातून हात आला. पंक्चरच्या दुकानातून आला. ही माणसं तिनं रोज पाहिली होती, त्यांच्याकडून भाजी घेतली होती, आणि त्यांच्यापाशी एक अख्खी बोली आहे हे चोवीस वर्षांत तिला ठाऊक नव्हतं. शेड पडली तेव्हा लोखंड भंगारात गेलं. माणसं अजून एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात उभी होती. एवढं मोठं काहीतरी भर रस्त्यात, भर उन्हात, कुणालाच दिसू नये!

आज्जांनी भटजींची गोष्ट सांगितली असणार, कारण पलीकडं अक्काताई हसून हसून पदरानं डोळे पुसायला लागली. मग त्यांनी पूर्णिमाकडं बोट केलं, आणि हात मध्येच थांबले.

"तुझं नाव घ्यायचंय त्याला," शामू म्हणाला. "पर आमच्यात तुझं नावच न्हाय. तुझ्या बापाला हाय, आईला हाय. तू जलमलीस त्या सालात शेड बंद पडली न्हवं?"

म्हाताऱ्यांचा वाद सुरू झाला. शामूनं काहीतरी करून दाखवलं, आज्जांनी ते झिडकारलं. अक्काताईनं लांबून सुचवलेलं तर दोघांनाही पटेना. शेवटी शामूनं पूर्णिमाला चहा आणायला पिटाळलं.

ती दोन ग्लास घेऊन गाड्याशी वळली तेव्हा मधून ट्रक जात होता. तो सरला. पलीकडं आज्जा दोन्ही हात उंच धरून उभे होते आणि एका तळव्यावरून दुसरा गोल फिरवत होते.

"सुताचा नवा बीम चढला की असं सांगायचे," अक्काताई म्हणाली. "मागावर नवं सूत आलं म्हणून नारळ फुटायचा, साऱ्या शेडला पेढे मिळायचे. जा गं, बोलीवतोय तुला."

आज्जांनी पुन्हा हात फिरवले, या खेपेला जरा चिडून, ती लहानपणी हाकेला ओ द्यायची नाही तेव्हा चिडायचे तसं.

पूर्णिमानं दोन्ही ग्लास गाड्यावर ठेवले. ओ द्यायला हात मोकळे हवे होते.