चार पूर्णांक तीन

व्हर्न डिट्मरने अंगठ्याखालचे स्टॉपवॉच थांबवले, आकडा वाचला आणि काच बाहीला पुसून पुन्हा वाचला. चार पूर्णांक पाच.

"आणखी एक मार," तो म्हणाला.

शेजारी उभ्या ब्रॉडी हूकस्ट्राने चेंडू तळहातावर फिरवला, दोन पावले टाकली आणि लाथ हाणली. चेंडू आयोवाच्या करड्या आकाशात चढत गेला. दूरच्या टोकाला उभ्या सवंगड्याने तो झेलेपर्यंत व्हर्नने श्वास सोडला नाही. चार पूर्णांक सहा.

हे भलतेच होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये पंटरचे काम एवढेच, की आपल्या संघाचे पुढे काही चालेनासे झाले म्हणजे चेंडू लाथेने उंच आणि लांब धाडायचा. तो जितका वेळ हवेत राहील तितका वेळ आपल्या गड्यांना धावत जाऊन झेलणाऱ्याला गाठायला मिळतो. चार पूर्णांक तीन सेकंदवाले पंटर पैशाला पासरी मिळतात. चार पूर्णांक पाचवाल्याला व्यावसायिक संघ घरून उचलून नेतात. अशाच एका संघासाठी खेळाडू हेरत व्हर्न एकतीस वर्षे कॉलेजांची मैदाने पालथी घालत होता. गेल्या हंगामात ब्रॉडीचे चार सामने बघून त्याने अहवालात लिहिले होते: सरासरी चार पूर्णांक तीन, घेऊ नये. व्हर्नने लिहिले की काळ्या दगडावरची रेघ, आणि या गावाकडे दुसऱ्या संघाचे कुणी फिरकत नसे. पण आठवड्यापूर्वी संघाच्या पंटरचा गुडघा गेला. एक जागा रिकामी झाली आणि नापासांतलीच दोन नावे पुन्हा वर आली, ब्रॉडी आणि आयडाहोचा एक पोरगा. दुपारी बाराच्या आत व्हर्नला फोन करायचा होता.

"हिवाळ्यात सराव जोरात केलेला दिसतो," तो म्हणाला.

"कुठला, सर. मांडी दुखावली होती. फेब्रुवारीपर्यंत चेंडूला पायसुद्धा लावला नाही."

व्हर्नला हे उत्तर नको होते. वाऱ्याची मदत असेल म्हणून त्याने ब्रॉडीला उलट दिशेने मारायला लावले. आकडे जागचे हलले नाहीत. ब्रॉडीचा प्रशिक्षक लॉनी ब्रेकी, व्हर्नचा वीस वर्षांचा दोस्त, खिशात हात घालून गंमत बघत उभा होता. सगळा हंगामभर त्याने फोनवर चार पॉइंट पाच, चार पॉइंट पाच म्हणून व्हर्नचे डोके खाल्ले होते. आपल्या पोराच्या वेळी सगळ्याच प्रशिक्षकांचा अंगठा जड होतो, असे म्हणून व्हर्नने त्याला उडवून लावले होते.

"वर जाऊन बस बरं," लॉनी म्हणाला. "तुझ्या सिंहासनावर. बघू काय येतंय."

व्हर्न प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून सर्वांत वरच्या रांगेत जाऊन बसला. चारही सामने त्याने तिथूनच पाहिले होते. ब्रॉडी तिथून ऐंशी यार्डांवर होता आणि त्याच्या शेजारी लॉनी दुसरे घड्याळ घेऊन उभा राहिला. पाच लाथा झाल्यावर व्हर्न खाली आला आणि दोघांनी कागद शेजारी धरले. प्रत्येक लाथेला व्हर्नचा आकडा दोन दशांश सेकंदाने कमी होता.

"घड्याळं बदलू," व्हर्न म्हणाला.

घड्याळे बदलून तो पुन्हा वर चढला. या खेपेला त्याने स्वतःच्या अंगठ्यावर लक्ष ठेवले. इथून ब्रॉडी म्हणजे एक करडा ठिपका होता. पाय कधी उचलला ते कळतच नव्हते. ठप्प असा आवाज कानी आला आणि अंगठा आपसूक दाबला गेला. चेंडू त्याआधीच निघालेला होता. ऐंशी यार्डांवरून आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. झेलणारा या टोकाला जवळ असतो, हात वर करतो, तेवढे दिसायचे. मोतीबिंदू आहे, करून टाका, असे डॉक्टर कधीचा सांगत होता. हंगाम संपला की करू म्हणत व्हर्नने तीन हंगाम ढकलले होते आणि नोकरी जाईल या भीतीने कुणाला कळू दिले नव्हते. तीन हंगामांत किती पंटर खोडले ते त्याला आठवेना.

खाली आल्यावर पुन्हा तेच निघाले. लॉनीने दोन्ही घड्याळे हातात घेतली, व्हर्नच्या तोंडाकडे बघितले आणि थट्टा करायचे सोडून दिले.

बाराला दहा कमी असताना व्हर्नने त्याची वरिष्ठ कार्लीन ऑस्टबी हिला फोन लावला. ब्रॉडी चार पावलांवर उभा होता.

"पोरगा हिवाळ्यात खूप सुधारलाय," व्हर्न म्हणाला. "चार पॉइंट पाच. घेऊन टाक."

ब्रॉडीने खाली बसून बुटाची नाडी उगाचच सोडली आणि परत बांधली. व्हर्नलाही हलके वाटले. पोराचे भले झाले होते आणि त्याची स्वतःची अब्रूही वाचली होती.

"चला, सुटलो," कार्लीन म्हणाली. "आयडाहोवाल्याला नको म्हणून कळवते. त्याचंही तू चार पॉइंट तीनच लिहिलंयस."

आयडाहोलाही तो वरच्या रांगेतच बसला होता.

"थांब. त्याला कळवू नकोस."

"का?"

"दोघांनाही परत बघायला हवं. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठव." व्हर्नने ब्रॉडीकडे पाठ फिरवली, पण आवाज लपणार नव्हता. "हा सुधारलेला नाही, कार्लीन. पहिल्यापासून असाच आहे. मला लांबून लाथ दिसत नाही. मी आवाजावर वेळ धरतोय. तीन वर्षं."

कार्लीनने तीन वर्षांत खोडलेल्या पंटरांची नावे संध्याकाळपर्यंत मागितली आणि फोन ठेवला.

"आत्ता घेऊन टाक म्हणालात तुम्ही," ब्रॉडी म्हणाला.

"म्हणालो."

"त्या आयडाहोवाल्याचा खरा वेळ किती असेल?"

"तुझ्याएवढा. जास्तही असेल."

ब्रॉडीचे कान लाल झाले. त्याने शिवी घातली तर बरे, असे व्हर्नला वाटले. ब्रॉडीने चेंडू उचलला, घरी निघालेल्या सवंगड्याला हाक मारून परत उभे केले आणि तो रेषेकडे चालू लागला.

विमानतळ दोन तासांवर होता. व्हर्नने भाड्याच्या गाडीची किल्ली खिशातून काढून लॉनीपुढे धरली. लॉनीने ती घेतली आणि स्टीअरिंगवर जाऊन बसला.