लाल जाकिटाशी बोलायचं नाही

खोली दोन.

सोमवार, सकाळचे आठ. चित्स्केने लाल जाकीट चढवलं. छातीवर आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: औषधं देत आहे, कृपया बोलू नये. औषधांची ढकलगाडी घेऊन ती वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर निघाली. खोली दोनमधल्या बाईंना इन्सुलिन. पेनवर आकडा फिरवला, चौदा. इन्सुलिन एकटीने द्यायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी आकडा बघायचा, असा नियम. दुसरी नर्स या मजल्यावर नसतेच, म्हणून फोटो काढून खालच्या मजल्यावर पाठवायचा. खालून फोनवर अंगठा आला. टोचलं. सही केली.

खोली पाच.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. यांचा आकडा रोज बदलतो. काल दोन, आज तीन, उद्या पुन्हा दोन, तसा तक्ताच येतो. फोटो. या वेळी अंगठा यायला चार मिनिटं लागली आणि ती चार मिनिटं चित्स्के तळहातावर तीन पांढऱ्या गोळ्या घेऊन दिव्याच्या खांबासारखी उभी राहिली.

खोली नऊ.

दुखणं मारायची फेंटानिलची पट्टी. नवी लावायच्या आधी जुनी काढायची, नाहीतर अंगावर दोन होतात आणि झोपलेलं माणूस श्वास घ्यायचं विसरतं. जुनी दंडावर नव्हती. छातीवर नव्हती. शेवटी पाठीवर सापडली, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध. मागच्या वेळची नर्स कुठे काय चिकटवेल सांगता येत नाही.

खोली अकरा.

इथे थांबायला हवं. चित्स्के थांबली नाही, पण आपण थांबू.

जाकीट का आलं, ते आधी.

दोन वर्षांपूर्वी मजल्याची प्रमुख मार्लूस खुर्ची टाकून व्हरांड्यात बसली होती आणि एका फेरीत नर्सला कितीदा टोकलं जातं ते मोजत होती. एकतीस वेळा. माझा चष्मा कुठे, आज काय वार, सहा नंबरला शौचाला जायचंय, तुझे केस असे कापले कुणी. या डच बंदरगावात, हारलिंगनमध्ये, माणसाच्या मनात आलं की ते तोंडात येतं आणि तोंडातलं समोरच्याच्या पुढ्यात. गप्प बसायची इथे कुणाला सवय नाही. जाकीट मागून घेणाऱ्यांत चित्स्के पहिली होती. चुकीच्या गोळ्या जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे खरं आहे, आणि ते विसरून ही गोष्ट सांगता येणार नाही.

पण नुसत्या अक्षरांनी ही माणसं गप्प बसतात होय? मग दंड निघाला. जाकिटाशी जो बोलेल त्याने दहाच्या कॉफीला सगळ्यांसाठी केक आणायचा. तोच, संत्र्याच्या सालीचा, वर गुलाबी साखरेचा थर असलेला. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर कुणाचे किती झाले त्याच्या रेघा. रेघा मारायची चित्स्के.

या महिन्यात दाउत्सनच्या तीन झाल्या होत्या.

दाउत्सन म्हणजे मदतनीस. वय एकोणपन्नास. आधी बावीस वर्षं दूधपावडरच्या कारखान्यात पट्ट्यावर. कारखाना बंद पडला तेव्हा पुन्हा शिकून इथे आली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, सकाळी ताप, नाडी, रक्तदाब मोजायचा. तिचा तिसरा तात्पुरता करार महिनाअखेरीला संपत होता. तिसऱ्यानंतर चौथा तात्पुरता देता येत नाही, तसा कायदाच आहे. कायम करा, नाहीतर निरोप द्या. सह्या गुरुवारी व्हायच्या होत्या.

आता खोली अकरा.

खोली अकरात फेनस्ट्रा. चाळीस वर्षं कालव्यांतून बटाटे आणि वाळू वाहणारी सपाट बुडाची होडी चालवलेला माणूस, म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणत. हृदय थकलेलं. त्याच्यासाठी डिगॉक्सिन, मिठाच्या कणाएवढं औषध आणि तेवढीच बारीक वाट. थोडं जास्त झालं की हृदय बसत जातं. देण्याआधी नाडी मोजायची. साठाच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरला फोन करायचा. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरींनाही पाठ असतं.

चित्स्के पुडी फाडत होती. दारात दाउत्सन. हातात चिठोरा, एक बोट वर.

चित्स्केने पुडीवरची नजर काढली नाही. छातीवरच्या अक्षरांवर टिचकी मारली आणि म्हणाली, "केक?"

दाउत्सनचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिने ओठांवरून चेन ओढल्यासारखं केलं. दोघी हसल्या. ती गेली आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहून आली: खोली ११, नाडी ४४.

"हे कस्टर्ड फार पिवळं आहे," तांडेल म्हणाला.

"व्हॅनिलाचं आहे तांडेल. पिवळंच असतं."

"पडदापण पिवळा आहे."

"तो धुवायला झालाय."

"तू स्वतःपण जरा पिवळीच दिसतेस."

"या पगारात गोरी कुठून राहू?"

तांडेल हसला आणि गोळी गिळली. ढकलगाडीवरच्या संगणकात नाडीच्या चौकटीत कालचा सहासष्ट आपोआप भरून आलेला होता. चित्स्केने 'ठीक' दाबलं. त्याखाली नारिंगी सूचना: शनिवारी खोकल्यासाठी सुरू केलेल्या प्रतिजैविकाने डिगॉक्सिन रक्तात वाढू शकतं. नारिंगी सूचना दिवसाला चाळीस येतात. तीही तिने त्याच बोटाने मिटवली.

दुपारी बारापर्यंत तांडेल दोनदा ओकला. नाडी छत्तीस. अ‍ॅम्ब्युलन्स.

घटनेचा फॉर्म, सोमवार, दुपारी तीन.

काय घडलं? (कमाल तीनशे अक्षरं)

"सकाळी खोली ११ मध्ये मी नाडी न मोजता डिगॉक्सिन दिलं. चौकटीत कालचा आकडा होता, तो मी मान्य केला. रुग्णाला सगळं पिवळं दिसत होतं, ते मी हसण्यावारी नेलं. नाडी ४४ असल्याचं सांगायला मदतनीस दारात आली होती, पण माझ्या अंगावर लाल जाकीट होतं आणि मी तिला केक म्हणून गप्प के"

अक्षरं संपली.

तिने रुग्णाचं पिवळं, डिगॉक्सिन जास्त झाल्याची ती जुनी खूण, काढलं. मग वाटलं, हे काढलं तर आपण चोर. पुन्हा घातलं. जाकीट काढलं. पुन्हा घातलं. नाडीतला 'डी' खोडला गेला. चहा गार झाला.

घटनेचं मुख्य कारण (एकच निवडा)

अपुरं ज्ञान
अपुरं लक्ष
निरोप पोचवला नाही
रुग्णाचं असहकार्य
इतर

तिने 'इतर' निवडलं. नवी चौकट उघडली: वरीलपैकी एक निवडा.

चित्स्के तीस वर्षं नर्स होती. तीस वर्षांत तिने कधी टेबलावर मूठ आपटली नव्हती. आज आपटली. हात दुखला, एवढंच झालं.

मंगळवारी फॉर्म मार्लूसकडून परत आला. खाली टीप: मुख्य कारण 'निरोप पोचवला नाही' असं केलं आहे, पाहून मंजूर कर.

चित्स्के मंजूर करायला गेली नाही, मार्लूसच्या खोलीत गेली.

"निरोप कुणी पोचवला नाही म्हणे?"

"बस आधी."

"उभीच बरी आहे."

"चव्वेचाळीस तिच्या हातात होता. फळ्यावर लिहिला. तोंडाने सांगितला नाही. यात खोटं काय आहे, सांग."

"मी तिला सांगू दिलं नाही."

"तू तिच्या तोंडावर हात ठेवलास?"

"तूच ठेवलायस. छातीवर, पांढऱ्या अक्षरांत."

मार्लूसने चष्मा काढला. ती वाईट बाई नव्हती, हीच पंचाईत. वाईट असती तर भांडून मोकळं होता आलं असतं. "हे जाकीट पुढच्या महिन्यात आणखी सहा ठिकाणी जातंय. त्याने किती गोळ्या चुकायच्या वाचल्या ते मी मोजलंय. तू मोजलंस?"

"मला जाकीट काढायचं नाहीये. त्याबद्दल लिहायचंय."

"त्याला चौकट नाही."

"मग चौकट कर."

"चौकटी मुख्य कार्यालयातून येतात."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. दोघींनी ते कुलूप लागेपर्यंत पाहिलं.

"तिचा करार," चित्स्के म्हणाली. "'निरोप पोचवला नाही' तिच्या नावावर गेलं तर गुरुवारी सही होईल?"

मार्लूसने चष्मा पुन्हा लावला, म्हणजे नाही.

"मग अपुरं लक्ष निवड. माझं."

"तुझी औषधं द्यायची परवानगी थांबेल. परीक्षा पुन्हा. दीड महिना तरी."

"थांबू दे."

"आणि फेरी कोण करणार? एजन्सीची पोरगी? तिला खोली नऊतली पट्टी कुठे असते ते माहीत आहे?"

"ते मलाही माहीत नसतं," चित्स्के म्हणाली. "निवड."

मार्लूसने निवडलं.

बुधवारी तांडेल दवाखान्यातून परत आला. नाडी बासष्ट, खिडकीचा पडदा त्याला आता पांढरा दिसत होता. चित्स्के त्याच्या पलंगाशी बसली आणि काय झालं, कुणामुळे झालं, ते सरळ सांगितलं. त्याने ऐकलं. "होडीवर एकाच वेळी दोघं गाफील राहिले की होडी धक्क्यावर आदळते," तो म्हणाला, "एकाने भागत नाही." तिला हे नको होतं. तिला शिवी हवी होती.

गुरुवार, सकाळी अकरा. मार्लूसची खोली, तीन खुर्च्या. टेबलावर दोन कागद. एक फॉर्म, त्यावर दोघींनी वाचल्याची सही करायची; दुसरा करार. मार्लूसने पेनचं टोपण काढून ठेवलेलं. चित्स्केला वाटलं, झालं एकदाचं.

दाउत्सन वाचायला हळू. ओठ हलवत वाचते.

"हे असं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"इथे लिहिलंय, मला बोलू दिलं गेलं नाही. मला कुणी अडवलं नव्हतं."

"दाउत्सन, वाच आणि सही कर," चित्स्के म्हणाली. टेबलाखाली तिने पायही मारला. तो टेबलाच्याच पायाला लागला.

"वाचूनच म्हणतेय. मी काय मुकी आहे? तू केक म्हणालीस. चौथा झाला असता. तिसऱ्यालाच सगळे म्हणत होते, दाउत्सन, तुझ्यापायी आमच्या पँटी बसेनात. मला चौथ्याची लाज वाटली. हातात चव्वेचाळीस होते आणि माझ्या डोक्यात केक होता. हे लिहा."

"ते लिहायला लागत नाही," मार्लूस म्हणाली. हळू म्हणाली. तिलाही सही हवी होती, हे चित्स्केला तेव्हा कळलं.

"का लागत नाही? तांडेल मेला असता तर लागलं असतं?" दाउत्सनने फॉर्म फिरवून मार्लूसच्या पुढ्यात सरकवला. "कारखान्यात पट्ट्यावर लाल दोरी होती. झाडूवालीने ओढली तरी सगळा पट्टा थांबायचा. बावीस वर्षांत मी चारदा ओढली. दोनदा उगाच. उगाच ओढली म्हणून मला कुणी हसलं नाही. तिथे दुधाची पावडर होती. इथे माणसं आहेत आणि मी ओढली नाही."

"ही दोरीची गोष्ट लिही, मार्लूस," चित्स्के म्हणाली. "हीच लिही."

"कुठे?"

मार्लूसने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मुख्य कारण, एकच निवडा. 'अपुरं लक्ष' काळं झालेलं, बाकीचे करडे. तिने आधी 'निरोप पोचवला नाही', मग पुन्हा 'अपुरं लक्ष' दाबून दाखवलं. एक लागलं की दुसरं निघत होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा निघालं. तिघी ते बघत बसल्या, तीन शहाण्या बायका, एका ठिपक्याचा खेळ.

"हे तू आत्ता माझ्यासमोर म्हणालीस," मार्लूस दाउत्सनला म्हणाली. "मी ऐकलं नाही असं मला करता येत नाही."

"नकोच करू."

"मग हे वर पाठवावं लागेल. उत्तर यायला तीन आठवडे."

"करार तर महिनाअखेर संपतोय," चित्स्के म्हणाली.

"ते मला माहीत आहे."

"नऊ दिवसांत."

"चित्स्के, मला मोजता येतं."

मार्लूसने पेनला टोपण लावलं. करार उचलून खणात ठेवला. फाडला नाही, टाकला नाही, नुसता ठेवला. दाउत्सन उठली, खुर्ची आत सरकवली. तिची मान खाली नव्हती. कारखाना बंद झाला त्या दिवशीही ती अशीच खुर्ची सरकवून निघाली असेल.

व्हरांड्यात एजन्सीची पोरगी लाल जाकिटात ढकलगाडी घेऊन उभी होती आणि दारांवरचे आकडे वाचत होती. दाउत्सन तिच्या बाजूने निघाली, तांडेलाच्या जेवणाची वेळ झाली होती. चित्स्के मागून जवळजवळ धावली. तीन दिवसांचं सगळं, फॉर्म, चौकटी, दीड महिन्याची परीक्षा, खणात गेलेला कागद, एकदम तिच्या तोंडात आलं.

"तुला जरा गप्प बसता आलं नाही?"

दाउत्सन थांबली. वळून पाहिलं. तिने ताटाची ट्रॉली ओढून घेतली आणि खोली अकराकडे गेली.

चित्स्के तिथेच उभी राहिली. आपण काय बोललो ते तिला आता, दाउत्सन दारातून आत गेल्यावर, ऐकू आलं. ती मागे वळली आणि मार्लूसचं दार न ठोठावता उघडलं. मार्लूस फोनवर मुख्य कार्यालयाची वाट बघत होती. रिसीव्हरमधून गाणं वाजत होतं. तिने बोट वर करून चित्स्केला थांब म्हटलं.

चित्स्के थांबली नाही. तिने बोलायला सुरुवात केली, केकपासून.