एका पट्ट्यात दोन दंड

माझ्या धाकट्या जावेला रक्तदाबाची एकही गोळी नव्हती आणि मला एक होती. तेवढ्यावरून आमच्या घरात निरोगी कोण आणि आजारी कोण, हे ठरून गेले होते.

रोज सकाळी चहाच्या आधी सून आम्हा दोघींना टेबलाशी बसवून रक्तदाब मोजत असे. माझा वरचा आकडा एकशे अडतीस, कधी बेचाळीस. धाकटीचा एकशे चोवीसच्या वर कधी जात नसे. "काकू, तुम्ही तर कमालच करता," असे म्हणून सून माझ्याकडे वळे, "आई, मीठ जरा बेतानं हं." जेवताना मिठाचे भांडे धाकटीच्या हाताशी असे. या घराचा उंबरठा मी तिच्या कितीतरी आधी ओलांडला. तिची मुले आजारी पडली की रात्र रात्र जागले मी, पाहुण्यांपुढे तिची बाजू सावरली मी. आणि म्हातारपणी तिने माझ्यावर आकड्यांत कडी करावी?

"जाऊबाई, तुम्ही सगळं मनाला लावून घेता," ती गोड आवाजात म्हणाली. "मी बाई कशातच नसते."

"काम निघालं की तर मुळीच नसतेस."

"आई, मोजताना बोलू नका," सून म्हणाली. "आकडा वाढतो."

आता घर चालवायचे म्हणजे बोलावे लागते. ते धाकटीला कोठून ठाऊक असणार?

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाचा घेर टेपने मोजला. "घरी मोठा पट्टा वापरता ना? जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो."

"मोठाच आहे. यंत्राबरोबर आलेला माझ्या दंडावर ठरेना, म्हणून मुलाने मुद्दाम आणला."

"उत्तम. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. आणि तो पट्टा बारीक दंडाच्या माणसाला लावू नका. त्याचा आकडा उगाच कमी दिसतो."

मी खुर्चीत ताठ झाले. धाकटीचा दंड म्हणजे छत्रीची दांडी.

घरी येताच मी सुनेला यंत्राचा मूळचा पट्टा काढायला सांगितला.

"तो तुम्हीच माळ्यावर टाकायला लावला होता. म्हणालात, एका घरात दोन पट्टे कशाला."

"तेव्हा ते योग्यच होतं. आता काढ."

धाकटी हसत हसत येऊन बसली. नियमाप्रमाणे पाच मिनिटे सरली. यंत्र घुरघुरले, थांबले. एकशे अठ्ठेचाळीस. थोड्या वेळाने पुन्हा मोजला, शेहेचाळीस.

माझ्या मनात उकळ्या फुटल्या, हे मी नाकारणार नाही. पण सुख टिकले नाही. सुनेने तिच्या पाठीशी उशी दिली. मुलगा कचेरीतून लवकर आला आणि दारातूनच "काकू, बरं वाटतंय ना?" असे विचारता झाला. माझ्या बेचाळिसाला कोणी कधी उशी दिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तिला एका दिवसावर निकाल दिला नाही. आठवडाभर योग्य पट्ट्याने सकाळ-संध्याकाळ मोजायला लावले, मग गोळी लिहून दिली. धाकटीने ती पुडी तशीच ठेवली.

"एकदा सुरू केली की सुटत नाही, शेजारीण सांगत होती," ती म्हणाली. "आणि मला होतंय तरी काय? डोकं दुखत नाही, चक्कर नाही."

"त्रास होत नाही हीच रक्तदाबाची खोड आहे," मी म्हटले. "आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंडं झिजवतो आणि बाहेर चकार शब्द काढत नाही. अगदी तुझ्यासारखा."

"चिडवा चिडवा. आज तुमचा किती आला?"

"एकशे तीस." हल्ली मी मोजण्याआधी गप्प बसत होते, त्या अवधीत धाकटीने स्वयंपाकघरात दिलेले हुकूम ऐकून घेणे, हीच त्यातली खरी तपश्चर्या.

"गोळीनं?"

"गोळीनं आणि कमी मिठानं. कितीतरी वर्षं घेते आहे. मेले नाही. आणि सुटायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, शेजारीण नव्हे. ऊठ, पाणी आण. माझंही आण."

ती उठली. आम्ही दोघींनी गोळ्या घेतल्या. आधी मी, मग ती, कारण मी थोरली.

महिन्याभराने तिचा आकडा एकशे सव्वीसवर येऊन ठरला. लहान पट्टा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. मी स्वतः उभी राहून सारे तपासले होते. माझा त्या दिवशी एकशे तीस. पहिल्या आकड्यांना खोटे म्हणण्याची तरी सोय होती. हा खरा होता, आणि तिला गोळी मीच घ्यायला लावली होती.