पिराजीत जीव घातला

संयोगिताच्या कथेत भूतखेत नसायचं. चहा असायचा, भांडीकुंडी असायची, सासू-सुनेची कुरबुर असायची, आणि शेवटाला ऐकणाऱ्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. पेठ वडगावच्या महिला मंडळात तिनं कथा वाचली की रडारड ठरलेली! बाईला त्याचा तोराही होताच. "भावना ओतावी लागते," म्हणायची. कुठून ओतायची, ते मात्र सांगायची नाही.

हे ऐकूनच शेजारची चिमणाबाई तिच्याकडं आली. तिचा एकुलता एक पोरगा पिराजी दोन वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला. त्यानंतर ती गाव सोडून इथं राहायला आली, सोबत एक म्हैस. पोरगा गेल्यापासनं तिच्या डोळ्यातनं टिपूस आलं नव्हतं.

"माझ्या पिराजीवर लिही की," ती म्हणाली. "मेलेला नगं. रोजचा लिही. घरी आला, जेवला, एवढंच."

संयोगितानं लिहिलं आणि दुपारी वाचून दाखवलं. चिमणाबाईनं चक्क जांभई दिली. "ह्येच्यात जीवच न्हाई की गं!"

झालं, संयोगिताला मिरच्या झोंबल्या! पण पिराजीला तिनं कधी बघितलेलंच नव्हतं, जीव आणायचा कुठनं? तिचा स्वतःचा विश्वजित पुण्याला नोकरीला होता. त्याचं शिट्टी वाजवत गल्लीत शिरणं तिनं पिराजीला दिलं. पातेल्यातली साय बोटानं खाणं दिलं. दुसऱ्या दुपारी चिमणाबाई ढसाढसा रडली. "आला गं माझा वाघ!"

मग रोज नवी गोष्ट. संयोगितालाही चटक लागली, खोटं कशाला बोला! हनुवटीवरची खूण दिली. तापात आईचा पदर मुठीत धरून झोपणं दिलं. ते खरं तर तिला द्यायचं नव्हतं, तरी लिहिलं, कारण या वाक्याला चिमणाबाई हमसून रडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा ती गोठ्यात डोकावली. चिमणाबाई म्हशीपुढं पेंढा भरलेलं रेडकाचं कातडं उभं करत होती. म्हशीनं ते चाटलं आणि पान्हा सोडला.

"हिचं रेडकू मेलं व्हय, मावशी?"

"मेलं की. पर ह्ये कातडं दुसरीच्या रेडकाचं हाय." धार काढता काढता चिमणाबाई हसली. "हिला काय, चाटाय मिळालं म्हंजे झालं."

"आणि ती दुसरी म्हैस?"

"ती बसली आसंल वरडत."

संयोगिताच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरी येऊन तिनं आधी विश्वजितला फोन लावला. "रविवारी ये रे. साय ठेवते."

"कुणाला?"

"तुला की!"

"मला? शी! मला कधी आवडत होती साय?" तो परक्या माणसाशी हसावं तसं हसला आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं वहीतली पानं टराटरा फाडून बंबात घातली. शेजारी जाऊन सांगून टाकलं, "मावशी, आजपास्नं गोष्ट बंद."

तिला वाटलं, म्हातारी आकांत करेल. चिमणाबाई शांतपणे तांदूळ निवडत राहिली. "बरं. आता लागत बी न्हाई गं."

रविवारी संयोगिता सकाळपासनं दारात उभी. अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी शिट्टी ऐकू आली. वाचले बाई! तिचा जीव भांड्यात पडला. भाकरतुकडा हातात घेऊन ती पायरी उतरली.

विश्वजित आला. तिच्या अंगावरनंच पुढं गेला आणि शेजारच्या दारात बूट काढायला वाकला. "आये, भूक लागलीया!"

"हातपाय धू, वाढलंयच," आतनं चिमणाबाई म्हणाली.

"विश्वा!" संयोगिता किंचाळली. "अरं, मी हितं हाय! तुझी आई हितं हाय!"

त्यानं वळून बघितलं. ओळखलं त्यानं तिला, पण शेजारणीला ओळखावं तेवढंच.

"काय वो काकी," तो काळजीनं म्हणाला, "का रडताय?"