गाल टेकण्याची जागा

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दोन खिळ्यांच्या आधारानं आडवी पडून असते. माझ्या नळ्यांना गंज नाही, चाप अजून घट्ट आहेत, पण मला खाली उतरवणारं कुणी उरलं नाही. तुम्हाला वाटेल, बंदुकीची गोष्ट म्हणजे लढाई, रक्त, धडाधड गोळ्या! तसलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. मी ससे पाडले, लांब चोचीचे रानपक्षी पाडले. माणसावर माझी नळी कधीच रोखली गेली नाही. आणि तरीही माझा धनी माझ्यापायी गेला. कसा, ते सांगते. मग हव्या तर मला शिव्या घाला, पण आधी शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म ब्रेशा शहराच्या वरच्या अंगाला, मेल्ला नदीच्या खोऱ्यात झाला. त्या खोऱ्यात घरटी एक तरी माणूस बंदुकीच्या धंद्यात असतो. माझ्या नळ्या एका गल्लीत घडल्या, चाप दुसऱ्या गल्लीत, आणि माझा अक्रोडाचा दस्ता बोर्तोलोच्या बाकावर. बोर्तोलो दस्ते करणारा. हाताची पकड घसरू नये म्हणून दस्त्याच्या मानेवर बारीक चौकड्या कोरतात, ते काम बायकांचं. माझ्या चौकड्या कोरल्या एर्सिलियानं. तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं, आणि मी ज्याच्यासाठी घडत होते त्या विजिलिओशीच ठरलं होतं. तिनं एकेक रेघ कशी ओढली असेल ते सांगायला नको.

विजिलिओ भट्टीवर काम करायचा. उंच, रुंद आणि तोंड कसं, तर गुबगुबीत. तो आणि बोर्तोलो एका गल्लीत वाढलेले, जिवाभावाचे. माप घेताना बोर्तोलो त्याच्या गालाला बोट लावून म्हणाला, "लेका, हे गाल आहेत की पाव?"

"जळतोस मेल्या. तुझ्या गालांची खुंटी झालीय, तिच्यावर टोपी टांग."

"हसू नकोस, माप चुकेल. आणि चुकलं की म्हणशील बोर्तोलोला काम येत नाही."

आता हे माप कशासाठी, ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. माझ्या नळीच्या टोकाला एक बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला मात्र काहीच नसतं. मागची माशी म्हणजे शिकाऱ्याचा डोळा. दस्त्याच्या वरच्या कडेवर तो गाल टेकतो, आणि गाल जिथे टेकेल तिथून डोळा बघतो. कड उंच असली की डोळा वर राहतो आणि छर्रे वर जातात. कड खाली असली की छर्रे खाली. दस्त्यापाशी मक्याच्या दाण्याच्या जाडीएवढा फरक पडला, तर सोळा पावलांवर चार बोटांचा फरक पडतो. म्हणून चांगली बंदूक अंगरख्यासारखी ज्याची त्यालाच बेतलेली असते. मी विजिलिओच्या त्या गुबगुबीत गालाला बेतलेली होते. तो मला खांद्याला लावायचा, गाल टेकायचा आणि जिकडे बघायचा तिकडे मी मारायची. त्याला नेम धरावाच लागत नसे.

मित्रांनो, माझे ते दिवस सोन्याचे होते हो! शरद आला की आम्ही पहाटेच रानात. कुत्री पुढे, विजिलिओ मागे, मी त्याच्या खांद्यावर. दुपारी चुलीवर मक्याच्या पिठाची पोलेंता घोटली जायची, पक्षी सळईवर फिरायचे, आणि विजिलिओ मला फडक्यानं पुसत सगळ्यांना ऐकवायचा, "बायको आणि बंदूक, दोन्ही मापाच्या मिळाल्या."

एर्सिलिया पळी उगारायची. "बंदूक आधी म्हणाला असतास तर आज उपाशी ठेवला असता."

त्या खोऱ्याची एक रीत होती. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी सगळे शिकारी बोर्तोलोच्या कारखान्यामागे नदीकाठी जमायचे. तिथे चुना फासलेला एक मोठा लोखंडी पत्रा उभा असायचा, मधोमध काळा ठिपका. प्रत्येकानं सगळ्यांसमोर त्यावर बार काढायचा. छर्रे कुठे बसले ते पत्र्यावर लख्ख उमटायचं. ज्याचे मधे बसले तो धडधाकट, ज्याचे सरकले त्याची वर्षभर टिंगल. म्हातारे म्हणायचे, "डॉक्टर चुकेल, पाद्री चुकेल, पत्रा चुकायचा नाही." हे गमतीनं नव्हे हो, मनापासून. दुसरीही एक रीत होती. दस्तेवाल्याला माणसाच्या चेहऱ्यामोहऱ्याची सगळी मापं ठाऊक असतात. ती त्यानं कधी बाहेर बोलायची नाहीत. पाद्रीजवळचं पाप आणि दस्तेवाल्याजवळचं माप, दोन्ही तिथेच राहायला हवं.

बरीच वर्षं गेली. विजिलिओची पन्नाशी उलटली. एका उन्हाळ्यात त्याचं जेवण कमी झालं. पोटात दुखलं की तो अंगणात जाऊन लाकडं फोडल्याचं नाटक करायचा. घरातल्यांना वाटायचं काम करतोय. मला खुंटीवरून दिसायचं, तो कुऱ्हाडीवर भार देऊन नुसता उभा असायचा.

एर्सिलियाही काही आंधळी नव्हती. ती म्हणाली, "पट्ट्याला नवं भोक पाडलंस. मला कळत नाही असं समजू नकोस."

"वय झालं की माणूस वाळतोच."

"वाळतोच? तू काय अंजीर आहेस वाळायला? ब्रेशाच्या दवाखान्यात चल माझ्याबरोबर."

"दवाखान्यात गेलेला आजारी होऊनच बाहेर येतो. माझ्या बापाचं काय झालं ते विसरलीस?"

रोज हेच. शेवटी एकदा तिनं ताट खाली आपटलं आणि ती रडायला लागली. विजिलिओ घाबरला. बायको चिडली तर त्याला चालायचं, रडली की त्याचे हातपाय गळायचे. तो म्हणाला, "हे बघ, रविवारी पत्रा आहे. माझे छर्रे नेहमीसारखे मधे बसले तर दवाखान्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही बसले, तर सोमवारच्या पहिल्या बसनं तू म्हणशील तिथे येतो."

"शब्द?"

"शब्द."

एर्सिलियानं डोळे पुसले. तीही त्याच खोऱ्यात वाढलेली, तिचाही पत्र्यावर विश्वास. तिनं त्याच रात्री त्याचा चांगला कोट काढला, घासूनपुसून खुर्चीच्या पाठीवर टांगला. सोमवारी लागेल म्हणून.

मित्रांनो, तो कोट मला समोरच दिसत होता. मी मनात म्हणत होते, लागेल बाई, नक्की लागेल. कारण मला ठाऊक होतं. तो रोज मला पुसून एकदा खांद्याला लावून बघायचा, आणि त्याचा गाल दर वेळी थोडा आत बुडायचा. मांस उरलं नव्हतं, हाड लागायला लागलं होतं. डोळा खाली उतरला होता. मी त्याच्या घराण्यातली नव्हते, वैद्य नव्हते, पण मी माझ्या परीनं खरं बोलणार होते. खाली मारणार होते.

शुक्रवारी तो एकटाच नदीपलीकडे सराव करायला गेला. बार सगळे मातीत. कुत्री तिथेच बसकण मारून त्याच्याकडे बघत राहिली. विजिलिओनं मला उलटीसुलटी केली, शिवी हासडली आणि तडक बोर्तोलोकडे नेली.

"बोर्तोलो, हिचं लाकूड बसलंय. खाली मारतेय."

बोर्तोलोनं मला बाकावर ठेवून पट्टी लावली. पुन्हा लावली. "लाकूड आहे तिथेच आहे."

"मग काय हललं? डोंगर?"

 बोर्तोलोनं विजिलिओला मला खांद्याला लावायला सांगितलं आणि गाल टेकल्यावर आपली बोटं गालाखाली सरकवली. लग्नाच्या वर्षी तिथे बोट शिरत नव्हतं. आता शिरलं. बोर्तोलोनं ते पुन्हा एकदा सरकवून बघितलं.

"विजिलिओ, तुझं जेवणखाण नीट चाललंय ना?"

"झालं! तूसुद्धा एर्सिलियाचा वकील झालास? मी दस्ता दाखवायला आलोय, जीभ नाही." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "रविवारी सगळं खोरं बघणार रे. माझं हसं होऊ देऊ नकोस. एवढं कर."

आपण एर्सिलियाला काय शब्द दिलाय ते त्यानं सांगितलं नाही. आणि बोर्तोलोनं आपल्याला काय कळलंय ते सांगितलं नाही. मला दोन्ही ठाऊक होतं. पण देवानं मला दोन तोंडं दिली, बोलणं एकातही नाही घातलं.

विजिलिओ मला तिथेच ठेवून गेला.  बोर्तोलोनं टोपी घातली, दारापर्यंत गेला, परत आला. तो जर तसाच एर्सिलियाकडे गेला असता तर! पण रीत आडवी आली, मैत्री आडवी आली, भिडस्तपणा आडवा आला. हंगाम सरला की बोलू, असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं जवसाचं तेल तापत ठेवलं.

माझ्या मानेला कापड गुंडाळून तो त्यावर उकळतं तेल ओतत राहिला. लाकूड आतपर्यंत तापलं. मग मला शिकंज्यात धरून त्यानं स्क्रू फिरवला, हळूहळू, माझी कड वर येईपर्यंत. असं वाकताना लाकूड मोडू शकतं. मी मोडले असते तर बरं झालं असतं. पण बोर्तोलोच्या हाताला यश होतं. शनिवारी त्यानं मला परत दिली आणि म्हणाला, "एक स्क्रू ढिला होता, आवळला. बाकी काही नाही."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" विजिलिओचा चेहरा असा उजळला, की बोर्तोलोला खाली बघावं लागलं.

रविवारी नदीकाठी गर्दी. एर्सिलिया बायकांत उभी होती, शालीचं टोक मुठीत घट्ट धरून. विजिलिओनं मला उचललं. त्याचा हडकुळा गाल माझ्या नव्या उंचीवर टेकला, डोळा जागेवर आला आणि मी सुटले. धूर विरला. काळ्या ठिपक्याभोवती छर्रे असे नेमके बसले होते, की म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. कुणीतरी ओरडलं, "हा अजून वीस वर्षं मरत नाही!"

एर्सिलिया धावत आली आणि सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात पडली. घरी आल्या आल्या तिनं खुर्चीवरचा कोट कपाटात टाकला. ती पुन्हा गाणं गुणगुणत होती. विजिलिओ दोन घास खाऊन म्हणाला, आनंदानंच पोट भरलं. तिनं ते खरं मानलं. का नाही मानणार? पत्र्यानं सांगितलं होतं.

बर्फ पडेपर्यंत त्याला मला उचलणं जड जाऊ लागलं. मग एक दिवस तो चुलीपाशीच कोसळला. ब्रेशाच्या डॉक्टरनं पोट चाचपलं, यंत्रानं आतली चित्रं काढली आणि म्हणाला, "गाठ सगळीकडे पसरलीय. हंगामाच्या सुरुवातीला आणलं असतं तर चिरून काढता आली असती. तेव्हा का नाही आणलं?"  चेस्टनटच्या झाडांना पालवी फुटायच्या आत विजिलिओ गेला.

दफन उरकल्यावर काही दिवसांनी एर्सिलियानं मला पुसायला खाली उतरवलं. तेलाचं फडकं मानेवरून फिरवता फिरवता तिचा हात थांबला. चौकड्या तिनं कोरलेल्या. त्यातली प्रत्येक रेघ तिच्या अंगठ्याला पाठ. त्या एका बाजूनं दबल्या होत्या, खाचांत तेल सुकून काळं झालं होतं. तिनं मला खांद्याला लावून बघितलं, कडेवरून हात फिरवला. मग शाल न घेताच ती मला घेऊन बोर्तोलोकडे निघाली.

"ही तू वाकवलीस?"

बोर्तोलोच्या हातातली कानस खाली पडली. "हो."

"कधी?"

"पत्र्याच्या आदल्या दिवशी. त्याचे गाल बसले होते, एर्सिलिया. खाली मारत होता. सगळ्यांसमोर त्याची फजिती झाली असती."

"गाल बसलेत हे तुला कळलं होतं?"

"बोटांना कळलं. पण मापं बाहेर बोलायची नसतात. मी म्हटलं, हंगाम सरू दे..."

एर्सिलिया बाकाला टेकली. तिचा आवाज अगदी साधा होता. "त्यानं मला शब्द दिला होता, बोर्तोलो. छर्रे खाली गेले तर सोमवारी दवाखान्यात येणार होता. मी कोट काढून ठेवला होता."

 बोर्तोलो मटकन खाली बसला, भुशातच, आणि त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "मला कुणी सांगितलं नाही गं," तो म्हणत राहिला, "मला कुणी सांगितलं नाही."

"मला तरी कुणी सांगितलं?" ती म्हणाली. मला उचलून ती घरी आली.  तेव्हापासून मी या खिळ्यांवर आहे. बोर्तोलो एकदा दारात आला होता, कड पूर्वीसारखी करून देतो म्हणाला. तिनं नको म्हटलं. आता ती कुणाच्या मापाची करायची?

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वस्तूंची निगा राखा, तेलपाणी करा, ते चांगलंच आहे. पण तुमच्या घरात कुणाचा सदरा एकाएकी सैल झाला, तर तो आवळून घ्यायला शिंप्याकडे धावण्याआधी आतल्या माणसाकडे बघा. आणि बघून गप्प बसू नका. वाईट वाटेल, राग येईल, दोन दिवस तो बोलणार नाही, तरी तोंड उघडा. बोर्तोलोनं माझ्या विजिलिओला नीट बघितलं होतं, आणि फार प्रेमानं तो गप्प बसला होता.